आरोहण-मार्गदर्शिका : निवडीचे काही निकष

मार्गदर्शिका हा लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. परंतु प्रस्तरारोहण व हिमशिखरांचे आरोहण यांविषयीच्या मार्गदर्शिकांना युरोपात दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. जॉन बॉल यांची ‘आल्पाइन गाइड’ १८६३ ते १८६८ या काळात तीन भागांत निघाली, तर हॅस्केट स्मिथ यांची इंग्लंडमधील कड्यांविषयीची छोटी पुस्तिका १८९४ मध्ये. या लेखनाचा खरा वाचक ते कड्याला बिलगून वाचत असतो. वाक्याचा अर्थ चुकला तर त्याची किंमत त्याला देहाने मोजावी लागते. म्हणून चांगली मार्गदर्शिका कोणती हा प्रश्न मूलतः अर्थनिश्चितीचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम काठिण्यश्रेणीचा विचार करू. ओवेन ग्लिन जोन्स यांनी १८९७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधील मार्गांचे सोपे, मध्यम, कठीण व असाधारण दुर्घट असे चार वर्ग केले. पुढे अधिक अवघड मार्ग चढले गेले, वर नवी विशेषणे जोडावी लागली, आणि ‘कठीण’ हा शब्द ब्रिटिश श्रेणीत तळाजवळ जाऊन बसला. अर्थापकर्षाचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. अंकांनीही ही अडचण टळत नाही. कॅलिफोर्नियातील टाक्विट्झच्या कातळावर १९५० नंतरच्या दशकात रूढ झालेल्या दशांश श्रेणीत ५.९ नंतर ५.१० येतो, व तो अधिक कठीण असतो. हा दशांश गणिताचा नव्हेच. शिवाय फ्रेंच आल्पाइन श्रेणी मार्गाची लांबी, उंची व परतीची बिकटता जमेस धरून समग्र गांभीर्य सांगते, तर कातळाची श्रेणी एखाद्या टप्प्यावरील हालचालीपुरती असते. या दोहोंतील भेद जे पुस्तक आपल्या प्रास्ताविकात उलगडत नाही, ते बाजूस ठेवावे.

दुसरा निकष दिग्दर्शक शब्दांचा. हिमनदीची ‘डावी’ बाजू प्रवाहाच्या दिशेस तोंड करून ठरविण्याचा संकेत आहे. वर चढणाऱ्याच्या ती उजव्या हातास असते. कड्याच्या वर्णनात मात्र ‘डावीकडे’ म्हणजे बहुधा कड्याकडे तोंड केलेल्याच्या डावीकडे. एकाच परिच्छेदात हे दोन्ही संकेत येतात, आणि धुक्यात वाट शोधणाऱ्यास तर्काला सवड नसते. उत्तम लेखक प्रत्येक ठिकाणी वक्त्याचे स्थान स्पष्ट करतो. तो ‘मोठी घळ’ असे न म्हणता ‘पायथ्यापासून दिसणाऱ्या दोन घळींपैकी अरुंद घळ’ असे म्हणतो. सह्याद्रीत भटकणाऱ्या मराठी वाचकास घळ, नाळ, धार, सुळका यांतील भेद ठाऊक असतो. असा भेद पुस्तकभर एकसारखा पाळणे हीच परिभाषेची शिस्त होय.

तिसरा निकष हेतूचा. मॉं ब्लां परिसराविषयी गॅस्तों रेब्युफा यांनी १९७३ मध्ये शंभर निवडक मार्गांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला व मार्गांची मांडणी चढत्या काठिण्याने केली. आरोहकाने कसे वाढत जावे, याचा जणू तो अभ्यासक्रमच आहे. याच परिसराची ‘व्हालो’ मार्गदर्शिका सर्वसंग्राहक व रुक्ष. पहिला इच्छा जागवतो, दुसरी तिला रोखून धरते. निवडक ग्रंथ घरी वाचावा आणि पाठपिशवीत रुक्ष पुस्तक न्यावे, असा आमचा कौल आहे. मात्र शिखरापाशीच वर्णन संपविणारे पुस्तक, मग ते कसेही असो, अपुरे. उतरण्याची वाट हा मार्गाचा उत्तरार्ध आहे.

चौथा निकष काळाचा, आणि आज तोच सर्वांत निकडीचा. वॉल्टर बोनात्ती यांनी १९५५ मध्ये एकट्याने चढलेला द्र्यूचा स्तंभ २००५ च्या जूनमध्ये कोसळला. त्याचे वर्णन ग्रंथांत अबाधित आहे; वर्ण्य वस्तू मात्र उरली नाही. रेब्युफा यांच्या शंभरांपैकी पंचाण्णव मार्गांची तपासणी करणारे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार हवामानबदलाचा परिणाम त्र्याण्णव मार्गांवर झाला होता, सव्वीस मार्ग फार बदलले होते, आणि तीन अस्तित्वातच राहिले नव्हते. तेव्हा आवृत्तीचे साल पाहणे पुरेसे नाही. नव्या आवृत्तीत जुनी वाक्ये तशीच उतरलेली असू शकतात. कोणता मार्ग केव्हा पडताळला हे सांगणारा संपादकच विश्वासास पात्र होय.

या निकषांना एक साधी कसोटी जोडावी. भाषाशास्त्रात नव्या निवेदकाची साक्ष आपण ज्ञात उदाहरणावर पारखून घेतो. त्याचप्रमाणे, पुस्तक घेण्यापूर्वी आपण स्वतः चढलेल्या एखाद्या मार्गाचे त्यातील वर्णन वाचावे. जेथे आपण घोटाळलो होतो, तेथे ते वाक्य आपणास सावरू शकले असते काय? उत्तर होकारार्थी असेल तरच त्या लेखकाच्या शब्दावर अपरिचित कड्यावर पाय टाकावा.