अभिजात कोणासाठी?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्या बीड जिल्ह्यात तेव्हापासून अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचे नाव सभासमारंभांत नव्याने घेतले जाऊ लागले. शके १११० मधला मानला जाणारा ‘विवेकसिंधू’ हे मराठीचे धन आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या धनाच्या मालकीचा.

इतिहास पाहा. १८२१ साली इंग्रज सरकारने पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि पेशवाईतल्या दक्षिणेचा पैसा तिला लावला. पैसा रयतेच्या घामाचा. दार मात्र ब्राह्मणांपुरते. प्राचीन विद्येचे पुनरुज्जीवन झाले, पण बहुजनांच्या पदरात काय पडले? १८४९ साली सुधारकांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी मागितला, तेव्हा सनातनी खवळले. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. जुने ग्रंथ जपणे वेगळे आणि जुना अधिकार जपणे वेगळे, हे त्या झगड्यात उघड झाले.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत मिळू दिले नाही. फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात ऋग्वेद आणि महाभारत यांनाच साक्षीला उभे केले व तो ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला. पोथीची पूजा न करता तिची उलटतपासणी करणे, हेच माझ्या मते विद्येचे खरे पुनरुज्जीवन.

आता माझ्याकडे वळतो. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. मीही वर्गात ‘विवेकसिंधू’च्या नोट्सच सांगत आलो. दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. ती मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. फडावरून परतलेल्या एका मुलीने मला विचारले, “सर, मुकुंदराजांनी संस्कृतातले ज्ञान मराठीत आणले. मग त्यांचे मराठी आमच्या मराठीत कोण आणणार?”

मी निरुत्तर झालो. ज्या ग्रंथाने ज्ञान लोकभाषेत उतरवले, तो मी पुन्हा परीक्षेच्या पोथीत बांधून ठेवला होता.

म्हणून मागणी साधी आहे. अभिजाततेच्या नावाने निधी येईल तेव्हा जुने ग्रंथ सोप्या अर्थासह छापा आणि गावोगावच्या वाचनालयांत ठेवा. त्या मुलीच्या आईच्या ओव्या आणि ऊसतोडीतले शब्दही त्याच आदराने नोंदवा. तसे झाले नाही, तर अभिजाततेची शाल जुन्याच खांद्यांवर पडेल आणि आमची बाके रिकामीच राहतील.