दुसऱ्यातून तिसऱ्यात

डावा पाय खाली, डावा हात पुढे, पाय वर. सरावलेला चालक एवढं सेकंदभरात उरकतो आणि विसरतोही. पण दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाण्याचा तो सेकंद सावकाश वाचला, तर त्यात एक अख्खं नाट्य सापडतं.

पेच आहे तो वेगांचा. समजा, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या दुप्पट फिरतं आणि तिसऱ्यात 1.4 पट. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असताना तिसरा टाकायचा, तर त्याच वेगाच्या गाडीला आता 2100 फेरेच हवेत. क्लच दाबला की इंजिन सुटं होतं. पण क्लचप्लेट आणि तिच्या मागचे शाफ्ट जुन्या वेगाने गरगरतच राहतात. त्यांचे 900 फेरे कमी कोण करणार?

इथे यंत्राची पहिली खुबी दिसते. गिअर टाकताना दाते दात्यांत जाऊन बसतात, असं आपल्याला वाटतं. खरं तर पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या चाकांचे दाते कायमच एकमेकांत गुंतलेले असतात. तिसऱ्याचं चाक आधीपासून शाफ्टवर मोकळं फिरत असतं. दांडी फक्त एक कडं सरकवते आणि त्या चाकाला शाफ्टशी जखडते.

दुसरी खुबी पितळी रिंगेची. कडं पुढे सरकताना आधी ही रिंग चाकाच्या उतरत्या गळ्यावर दाबली जाते. घर्षणाने दोघांचे वेग जुळू लागतात. तोवर रिंगेचे दाते तिरके उभे राहून कड्याची वाट अडवतात. वेग सारखे झाले की वाट आपोआप मोकळी होते. धावत्या लोकलमध्ये चढणारा आधी फलाटावर तिच्या वेगाने पळतो, तसंच हे. तळव्याला क्षणभर जाणवणारा अडसर याच रिंगेचा. आणि नंतर दांडी 'खट्' बसते तो ठेका स्प्रिंगने खाचेत ढकललेल्या छोट्या गोळीचा.

ही रिंग सुरुवातीपासून नव्हती. 1890च्या दशकात फ्रान्समध्ये पानहार-लव्हासोर गाड्यांत गिअरची चाकंच सरकवून एकमेकांत घुसवत. अभियंते अर्ल थॉम्पसन यांची वेग जुळवणारी सिंक्रोमेश योजना 1928च्या कॅडिलॅकमध्ये आली, तीही फक्त वरच्या दोन गिअरना. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने घरोघरी पोचलेल्या, कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीतही पहिल्या गिअरला ती नव्हती. चालत्या गाडीत पहिला टाकायचा, तर डबल क्लच आलाच: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श, पुन्हा क्लच आणि मग पहिला. पितळी रिंगेचं काम चालकाचा कान करी. अंदाज चुकला की दाते खरखरत आणि मागची सवारी दचके.

रिव्हर्सला मात्र अनेक गाड्यांत आजही ही सोय नसते, म्हणून तो गाडी पूर्ण थांबवूनच टाकायचा. त्याचे दातेही बहुधा सरळ कापलेले. पुढच्या गिअरचे तिरके दाते हळूहळू एकमेकांवर टेकतात म्हणून शांत असतात. सरळ दाते एकदम भिडतात आणि मागे घेताना गाडी कण्हते.

एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनच्या गाडीत गिअरबॉक्स बहुतेक तोच असतो. क्लच आणि दांडी हलवण्याचं काम तेवढं यंत्राकडे गेलेलं. तरीही वेग घेताना कित्येकदा प्रवाशांची मान डुलते. सराईत चालक मात्र क्लच दाबतानाच ॲक्सिलरेटर सोडतो, इंजिन 2100च्या आसपास उतरू देतो आणि क्लच सुटतासुटता पुन्हा तेवढाच भरतो. वेग रिंग जुळवते, पण ओढ कधी सोडायची आणि कधी धरायची हे उजव्या पावलाला कळावं लागतं. या सेकंदाचा खरा कस तिथे लागतो. हाताचं श्रेय आपण उगाच जास्त मानतो.