चेहरा नसलेला इकारस

चित्रातील भावना शोधताना आपली दृष्टी सवयीने चेहऱ्याकडे वळते. आंरी मातीस या फ्रेंच चित्रकाराच्या ‘इकारस’मध्ये ही सवय उपयोगी पडत नाही, कारण तेथे चेहराच नाही. निळ्या पार्श्वभूमीवर एक काळी मानवाकृती, भोवती पिवळे टोकदार आकार आणि छातीवर एक लहानसा लाल ठिपका, एवढेच. रंगविलेले कागद कात्रीने कापून हे आकार घडविलेले आहेत. १९४१ सालच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीस यांचे हिंडणेफिरणे फार मर्यादित झाले; त्या काळात कात्री हेच त्यांचे प्रमुख साधन बनत गेले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जॅझ’ या ग्रंथातील वीस चित्रांपैकी हे एक.

ग्रीक कथेतील इकारस मेणाने जोडलेल्या पंखांनी उडतो, सूर्याच्या फार जवळ जातो आणि मेण वितळताच समुद्रात कोसळतो. चित्रात पंख नाहीत, सूर्यही नाही. निळाई आकाशाची की समुद्राची, हेही ठरत नाही. हे काम महायुद्धाच्या वर्षांतले. म्हणून पिवळे आकार म्हणजे बॉम्बस्फोट आणि लाल ठिपका म्हणजे गोळीची जखम, असा अर्थ लावला गेला. तो निराधार नाही. १९४४ साली मातीस यांच्या पत्नीला व कन्येला गेस्टापोने अटक केली होती. परंतु चरित्राचा हा पुरावा हाती येताच आपण चित्राकडे पाहणे थांबवतो, हा खरा धोका आहे.

वाचकांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. चित्राचे शीर्षक क्षणभर विसरावे; पतन नाहीसे होते, उरतो तो हात उंचावून तरंगणारा, कदाचित नाचणारा देह. आता लाल ठिपका बोटाने झाकावा. देह हलका, निश्चिंत भासू लागतो. बोट काढताच त्याच देहात जीव येतो, आणि जीव आहे म्हणून तो जाण्याचे भयही येते. ठिपका मोठा असता, तर ती केवळ जखम ठरली असती. लहान असल्यामुळे ते हृदयही राहते.

आपल्या नाट्यशास्त्राने आंगिक अभिनयाला मोठे स्थान दिले, ते उगाच नव्हे. भाव मुद्रेतच वसतो असे नाही. तो देहाच्या कलण्यातही असतो. हा इकारस पडतो आहे की नाचतो आहे, या प्रश्नाचा निकाल लावू नये. पडतानाही देह नाचू शकतो, हीच या कागदी आकृतीची करुणा आहे आणि तिचा आनंदही.