पदाच्या पलीकडचे नाट्यसंगीत : आनंद मोडक

संगीत नाटक म्हटले की आमच्या पिढीला प्रथम पदे आठवतात. कथानक विस्मरणात जाते, पद मात्र राहते. पैनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांत तर हे अधिकच खरे. आमच्यापर्यंत नाटक क्वचित पोहोचले. पोहोचली ती ध्वनिमुद्रिका आणि आकाशवाणी. पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांतील पदे ही नाटके न पाहताही आम्ही आपली मानली. परंतु नाट्यसंगीत जोखण्याची ही एकच कसोटी मानली, तर आनंद मोडक यांचे मोल कळणार नाही.

मोडक यांचा जन्म १९५१ सालचा, अकोल्याचा. पुढे पुण्यात बँकेतील नोकरी सांभाळून त्यांनी रंगभूमीसाठी संगीत रचले. २०१४ साली ते निवर्तले. त्यांच्या कर्तृत्वाचा कळस आमच्या मते सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) दिसतो. चाळीत राहणारे भाऊराव मरण पावतात आणि आपल्या मरणाचे आख्यान स्वतःच कीर्तनातून लावतात. दहन व्हावे ते जुन्याच स्मशानात, हा त्यांचा हट्ट. आणि ते स्मशान तर बंद झालेले. येथे संगीत प्रसंगाला शोभा आणण्यासाठी येत नाही. कीर्तनाचा भक्तिमार्गी थाट कायम राहतो आणि त्यातून चाळीचा दांभिकपणा उघडा पडतो. चाल पवित्र, आशय विपरीत. या विसंगतीतच नाटकाचे मर्म आहे. चाल काढून घेतली तर नाटकच उरत नाही.

पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रचलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) या नाटकाच्या संगीतात भास्कर चंदावरकर यांच्याबरोबर मोडक यांचाही वाटा होता. तेथे नंदू भेंडे यांचे पाश्चात्त्य धाटणीचे गाणे आणि मराठी मातीतील गायन शेजारी शेजारी नांदले. कोण कसा गातो, यावरूनच तो कोण आहे हे प्रेक्षकाला उमगे.

या संगीताची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जे नाटकात इतके विरघळले, ते नाटकाबाहेर फारसे टिकत नाही. कवी ग्रेस यांच्या कवितांना मोडक यांनी दिलेल्या चाली घरी बसून ऐकता येतात. ‘महानिर्वाण’चे संगीत मात्र प्रयोगावाचून मुके आहे. प्रयोग थांबला की तेही थांबते. रंगमंदिरांपासून दूर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ही उणीव विशेष जाणवते. गुण आणि उणीव यांचे मूळ एकच आहे.

तथापि मार्ग अगदीच खुंटलेला नाही. कीर्तन आम्हांस परके नाही. घरातील मुले तेलुगू वा इंग्रजी माध्यमात शिकत असली, तरी टाळ-मृदंगाची लय त्यांच्या कानांवर आहे. ‘महानिर्वाण’ची संहिता छापील मिळते. एखाद्या भजनी मंडळाने तरुणांना हाताशी धरून तिचे अभिवाचन करावे आणि कीर्तनाचे भाग आपल्या परिचयाच्या चालींत म्हणून पाहावेत. मोडक यांची चाल त्यातून हाती येणार नाही; पण ज्या परंपरेतून ती उगवली, ती आमच्याही दारात आहे, एवढे नव्या पिढीला समजले तरी पुष्कळ झाले.