संघमूल्य आणि बाजारमूल्य : 'गेन्शिन इम्पॅक्ट'मधील संघरचनेची समीक्षा

प्रस्तावना

साहित्यकृतीची, नाट्यप्रयोगाची वा चित्रपटाची समीक्षा करणे आपल्या विद्याशाखांच्या अंगवळणी पडलेले आहे. संगणकीय खेळाकडे मात्र आपण आजवर प्रामुख्याने दोनच दृष्टींनी पाहत आलो आहोत : विद्यार्थ्यांचा वेळ खाणारे व्यसन म्हणून, किंवा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा एक नमुना म्हणून. खेळाला स्वतःची अशी रचना असते, त्या रचनेतून काही अर्थ सूचित होतो आणि तो अर्थ चिकित्सेच्या कसोटीवर घासून पाहता येतो, ही भूमिका आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात त्या दिशेने एक मर्यादित प्रयत्न केला आहे.

अभ्यासासाठी निवडलेली कृती म्हणजे शांघाय येथील मिहोयो या कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी प्रसिद्ध केलेला 'गेन्शिन इम्पॅक्ट' हा कृतिप्रधान भूमिकानाट्य खेळ. या खेळाचे कथानक, चित्रशैली व संगीत यांविषयी बरेच लिहिता येईल. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो एकाच अंगाचा. कठीण आव्हान पार करण्यासाठी खेळाडू पात्रांचा संघ बांधतो. या संघबांधणीतून पात्राच्या 'मूल्या'विषयी कोणती कल्पना पुढे येते, आणि हाच खेळ ज्या पद्धतीने पात्रांची विक्री करतो तिच्याशी ती कल्पना सुसंगत आहे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आव्हानाचे स्वरूप

खेळातील विस्तीर्ण जगात फिरताना कोणताही संघ कमीअधिक प्रमाणात चालून जातो. संघाची खरी परीक्षा होते ती 'स्पायरल अ‍ॅबिस' या बारा मजल्यांच्या विभागात. (यापुढे त्यास 'विवर' असे म्हटले आहे.) पहिले आठ मजले एकदाच पार करावयाचे असतात, नववा ते बारावा हे चार मजले ठरावीक काळाने नव्या शत्रूंसह पुन्हा मांडले जातात. प्रत्येक मजल्यावर तीन दालने आणि प्रत्येक दालनाला तीन तारे, म्हणजे या चार मजल्यांचे मिळून ३६ तारे होतात. बाराव्या मजल्यावर दालनाची एकूण मुदत दहा मिनिटांची असली, तरी तिन्ही तारे मिळविण्यासाठी ते तीन मिनिटांच्या आत संपवावे लागते.

दोन अटींमुळे हे आव्हान विचार करायला लावणारे ठरते. पाचव्या मजल्यापासून प्रत्येकी चार पात्रांचे दोन संघ उभे करावे लागतात, आणि एकच पात्र दोन्हीकडे वापरता येत नाही. दुसरे असे की, बाहेरच्या जगात शक्ती वाढविणारे जे खाद्यपदार्थ वापरता येतात, त्यांना येथे मज्जाव आहे. परिणामी खेळाडूपाशी उरते ती केवळ त्याने केलेली निवड आणि ती निवड अमलात आणण्याचे हस्तकौशल्य. एकच बलाढ्य पात्र घेऊन सर्व अडचणी निस्तरण्याचा मार्ग रचनाकारांनी येथे जाणीवपूर्वक बंद केला आहे.

संबंधांतून निर्माण होणारे सामर्थ्य

खेळात अग्नी, जल, वायू, विद्युत, हिम, पाषाण व वनस्पती अशी सात मूलतत्त्वे आहेत आणि प्रत्येक लढवय्या पात्राला सर्वसाधारणपणे त्यांतील एक बहाल केलेले आहे. मैदानावर एका वेळी एकच पात्र असते. उरलेली तीन क्षणार्धात बदलून आणता येतात. दोन भिन्न तत्त्वे एकाच शत्रूवर एकत्र आली की प्रक्रिया घडते. जलाने भिजलेल्या शत्रूवर अग्नीचा आघात झाल्यास त्याचा परिणाम दीडपट होतो. अग्नीने वेढलेल्यावर जलाचा आघात झाल्यास तो दुप्पट होतो. म्हणजे कोणती तत्त्वे एकत्र आली एवढेच पाहून भागत नाही, कोणते आधी आले हेही पाहावे लागते. शिवाय प्रत्येक आघातागणिक तत्त्व लागू होतेच असे नाही. त्यामागे सेकंदांचे व आघातसंख्येचे बंधन असते. वेगाने वार करणारे पात्र म्हणजे प्रक्रिया घडविण्यात निष्णात पात्र, हा नवशिक्याचा समज त्यामुळे लवकरच खोटा ठरतो.

या व्याकरणाचे उत्तम उदाहरण म्हणजे चिनी खेळाडूंनी 'राष्ट्रीय संघ' असे नाव दिलेली रचना. श्यांगलिंग, बेनेट, श्यिंगच्यू आणि चोंगयुन हे तिचे मूळ घटक. ही चारही पात्रे खेळाच्या प्रतवारीत चार ताऱ्यांची, म्हणजे पंचतारांकित पात्रांहून खालच्या श्रेणीतील आहेत. पुढे चौथ्या जागी निरनिराळी पात्रे आली. पहिल्या तिघांचा गाभा मात्र टिकून राहिला. या तिघांपैकी कोणीही एकटे पाहिले असता अपुरेच आहे. श्यांगलिंगचे अग्निचक्र दहा सेकंद फिरत राहते व तिला मैदानातून काढून घेतल्यावरही थांबत नाही. परंतु ते सुरू करण्यासाठी ८० एकक ऊर्जा लागते, आणि तेवढी ऊर्जा ती स्वतःच्या बळावर वेळेत क्वचितच जमवू शकते. बेनेटचे लहानसे कौशल्य काही सेकंदांतच पुन्हा वापरता येते व त्यातून अग्नितत्त्वाचे ऊर्जाकण बाहेर पडतात. हे कण समतत्त्वाच्या आणि मैदानावर उभ्या असलेल्या पात्राला अधिक लाभ देतात. म्हणून बेनेटने कण निर्माण करावयाचे आणि ते हाती पडण्यापूर्वीच त्याने बाजूला होऊन श्यांगलिंगला पुढे आणावयाचे, अशी ही युक्ती आहे. दरम्यान श्यिंगच्यूच्या जलखड्गांची वृष्टी शत्रूला भिजत ठेवते. त्या भिजलेपणामुळेच अग्निचक्राचा आघात दीडपट होतो.

क्रमाचे महत्त्वही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. अग्निचक्र ज्या क्षणी सुरू होते त्या क्षणीची शक्ती त्यात अखेरपर्यंत टिकून राहते. म्हणून श्यांगलिंगने ते बेनेटच्या वर्तुळात उभे राहून सुरू केले पाहिजे. हाच क्रम उलटा झाला, तर तीच चार पात्रे, तीच शस्त्रे आणि तेच आकडे असूनही संघ दुबळा ठरतो. प्रस्तुत लेखकाला ही गोष्ट बाराव्या मजल्यावरील अनेक अपयशी प्रयत्नांनंतर उमगली. शस्त्रे बदलून पाहिली, पात्रांची पातळी वाढविली, तरी वेळ अपुराच पडत होता. क्रम सुधारल्यावर मात्र तेवढ्याच सामग्रीत दालन मुदतीत संपले.

सुमारे वीस सेकंदांची ही आवर्तने पुन्हा पुन्हा घडतात, तेव्हा त्यांत एक प्रकारची लय जाणवू लागते. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली आहे. ती मांडणी खेळावर यांत्रिकपणे लादणे योग्य होणार नाही. तथापि अग्नी व जल यांच्या विरोधातून आघात वाढतो, दोन अग्निपात्रांच्या संवादातून संघाची आक्रमणशक्ती वाढते आणि ऊर्जेच्या देवाणघेवाणीतून समतोल साधला जातो, हे पाहता चांगल्या संघाच्या खेळातून मिळणारे समाधान केवळ विजयाचे नसून रचनेचेही असते, असे म्हणता येईल.

बेनेट : कथा आणि कार्य

या संदर्भात बेनेट या पात्राचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. कथेत तो मोंडस्टाट नगरातील एक साहसवीर आहे. परंतु दुर्दैव त्याची पाठ सोडत नाही. त्याने स्थापन केलेल्या साहसपथकातून इतर सर्व सदस्य निघून गेले आहेत आणि पथकात तो एकटाच उरला आहे. ज्याच्याबरोबर कोणी टिकत नाही असा हा मुलगा विवरात मात्र असंख्य संघांचा आधार ठरतो. त्याचे वर्तुळ जखमींना बरे करते व सुदृढांची आक्रमणशक्ती वाढविते. ही वाढ त्याच्या मूळ शक्तीवरून ठरते, वर चढविलेल्या अलंकारांवरून नव्हे. त्यामुळे त्याला सजविताना खेळाडू त्याच्या स्वतःच्या आघाताचा विचार सहसा बाजूला ठेवतो आणि त्याची ऊर्जा वेळेवर भरेल एवढेच पाहतो. त्याचे कर्तृत्व दुसऱ्याच्या आकड्यांत दिसते.

कथा व कार्य यांतील हा विरोधाभास हेतुपुरस्सर योजलेला आहे की योगायोगाने घडला आहे, हा प्रश्न येथे गौण आहे. कृतीच्या अंतर्गत तो अर्थपूर्ण ठरतो हे महत्त्वाचे. सोबत्यांनी टाकलेल्या मुलाला योग्य सोबत मिळाल्यावर त्याचे मोल कळते, ही गोष्ट खेळ कोणत्याही संवादाविना, केवळ नियमांच्या द्वारे सांगतो. विवराने सुचविलेला सिद्धान्त असा मांडता येईल : पात्राचे मूल्य पात्रात साठविलेले नसते; ते इतरांशी असलेल्या संबंधांतून प्रकट होते.

विक्रीची भाषा

परंतु हाच खेळ पात्रे विकतो तेव्हा नेमकी उलट भाषा बोलतो. नवी पात्रे सोडतीच्या पद्धतीने मिळतात. जपानमधील खेळण्यांच्या यंत्रांवरून या पद्धतीला 'गाचा' हे नाव पडले आहे. पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ संभाव्यता प्रत्येक सोडतीस ०.६ टक्के आहे. ९० सोडतींच्या आत असे एक पात्र निश्चित मिळते. मात्र ते जाहिरातीत झळकणारेच असेल याची शाश्वती नसते. ती हवी असल्यास अत्यंत प्रतिकूल स्थितीत १८० सोडती कराव्या लागतात. एका सोडतीस १६० रत्ने पडतात, म्हणजे एकूण २८,८०० रत्ने. २०२४ मधील बदलानंतर विवराचे संपूर्ण ३६ तारे मिळविणाऱ्यास महिन्याला ८०० रत्ने मिळतात, म्हणजे अवघ्या पाच सोडती. रत्ने मिळविण्याचे इतर मार्ग आहेत हे मान्य करूनही, केवळ या बक्षिसावर विसंबणाऱ्यास वरील संख्या गाठण्यास तीन वर्षे लागतील. खेळातील एका अत्यंत अवघड परीक्षेच्या यशाचे फळ म्हणून पुन्हा दैवाचीच सोडत हाती ठेवली जाते, हे उद्‌बोधक आहे.

जाहिरातीत पात्र एकटे उभे असते. त्याच्यासाठी चित्रफीत असते, संगीत असते, पाच तारे असतात. त्याला कोणाची गरज भासेल याचा उल्लेख सहसा नसतो. उलटपक्षी श्यांगलिंग हे पात्र विवराच्या तिसऱ्या मजल्याचे अखेरचे दालन पार करणाऱ्या प्रत्येकास विनामूल्य दिले जाते. जे फुकट मिळते ते संघात अमोल ठरते, आणि जे महागात पडते ते योग्य साथीविना निष्प्रभ राहू शकते. संघमूल्य आणि बाजारमूल्य यांतील ही तफावत म्हणजे या कृतीच्या अंतरंगातील मूलभूत ताण होय.

संभाव्य आक्षेप

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, नवी पंचतारांकित पात्रे विवर सुकर करतात, हे नाकारता येत नाही. विवराच्या प्रत्येक नव्या मांडणीत विशिष्ट प्रकारच्या आघातांना अनुकूल असे वरदान दिलेले असते, आणि ते पुष्कळदा त्या सुमारास विक्रीस असलेल्या पात्रांना सोयीचे असते, अशी खेळाडूंची तक्रार आहे. काळाच्या ओघात शत्रूंची आयुर्मर्यादाही वाढत गेली आहे. या आक्षेपात तथ्य आहे. परीक्षकच शिकवणी विकू लागला, तर परीक्षेच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका येणारच. तरीही या आक्षेपाने मूळ सिद्धान्त रद्द होत नाही. महागड्या पात्रालाही ऊर्जा पुरविणारा, तत्त्व लावणारा व जगविणारा सोबती लागतोच. पैशाने चुकांना मिळणारी सवलत वाढते. रचनेचे भान मात्र विकत घेता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आज सर्वोत्तम संघांच्या याद्या तयार मिळतात. बहुसंख्य खेळाडू त्या उतरवून घेतात. मग संघबांधणीत चिंतन उरते कोठे? हा प्रश्न अध्यापकांना अपरिचित नाही. तयार उत्तरांच्या पुस्तिकांनी आपल्या वर्गांत जे केले, तेच या याद्यांनी येथे केले आहे. यादी 'कोण' हे सांगते. 'का' हे सांगत नाही. शत्रूची मांडणी बदलली की यादीवर विसंबलेला खेळाडू नव्या यादीची वाट पाहतो, आणि कारण जाणणारा असलेल्या पात्रांतूनच नवी जुळणी करतो. विवराची नियतकालिक पुनर्मांडणी या दृष्टीने समर्थनीय वाटते.

२०२४ मध्ये आलेल्या 'इमॅजिनॅरियम थिएटर' या विभागाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. तेथे ठरावीक मूलतत्त्वांची अनेक पात्रे तयार ठेवावी लागतात. दुर्लक्षित पात्रांना त्यामुळे संधी मिळते हा गुण खरा. पण कसोटी जुळणीकडून साठ्याकडे सरकते, आणि साठा वाढविण्याचा मार्ग पुन्हा सोडतीपाशीच जाऊन पोहोचतो.

समारोप

'गेन्शिन इम्पॅक्ट' ही दुभंगलेली कृती आहे, असा निष्कर्ष येथे निघतो. तिचे नियम परस्परावलंबनाचे मोल शिकवितात. तिचा व्यापार एकाकी नायकाचे आकर्षण विकतो. या दुसऱ्या बाजूची दखल कायद्यानेही घेतली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या तडजोडीनुसार या खेळाच्या प्रकाशक कंपनीने २ कोटी डॉलर भरण्याचे, तसेच १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना अशा सोडती न विकण्याचे मान्य केले. हे नियंत्रण आवश्यकच होते. तथापि केवळ त्यावर थांबणे समीक्षेला पुरेसे नाही. सोडतीचा निषेध करताना त्याच खेळातील संघरचनेची बौद्धिक संपन्नता दृष्टीआड झाली, तर आपले आकलन अर्धे राहील; आणि त्या संपन्नतेचे कौतुक करताना सोडतीकडे काणाडोळा केला, तर ते अप्रामाणिक ठरेल.

आपले विद्यार्थी असे खेळ खेळतात. त्यांना खेळापासून परावृत्त करण्याचा उपदेश आपण वारंवार केला आहे. त्याऐवजी 'हे पात्र तुझ्या संघात का आहे?' असा प्रश्न विचारला, तर उत्तर देणाऱ्यास संबंध, क्रम आणि कारण यांच्या भाषेतच बोलावे लागेल. 'ते महाग आहे' किंवा 'ते यादीत आहे' हे उत्तर तेथे अपुरे पडते, हे त्याचे त्यालाच उमगेल. समीक्षेचा आरंभ वर्गात होतो तो अशाच एखाद्या प्रश्नाने.