विलायती दुनळी आणि अमेरिकन दुनळी

आमच्या भाषेंत ‘विलायती’ हें विशेषण मूळचें स्थळवाचक. परंतु शंभर-दीडशें वर्षांच्या व्यवहारांत तें गुणवाचक होऊन बसलें. विलायती कापड, विलायती चाकू, विलायती औषध असें म्हणतांना वस्तु कोठली हें सांगण्यापेक्षां ती चांगली आहे हें सांगण्याचाच हेतु अधिक. या शब्दाचा अंमल दुनळी बंदुकीवर जितका चालला तितका दुसऱ्या एखाद्या वस्तूवर क्वचितच चालला असेल. शिरूर आणि दौंड या तालुक्यांत, निमोण्यासारख्या गांवांतून, आजोबा-पणजोबांच्या काळची परवान्याची बंदूक अजून एखाद्या घरीं सांपडते. आणि तिच्याविषयीं बोलणें निघालें कीं पहिला प्रश्न ‘बनावट कोठली?’ हाच. इंग्रजी म्हटलें कीं प्रश्न मिटला. बेल्जमची ठरली कीं चेहरे उतरतात. आणि अमेरिकन निघाली तर ‘कारखान्याचा माल’ म्हणून तिची बोळवण होते. हा निवाडा कितपत खरा, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

निवाड्याचें मूळ शोधावयास लांब जावें लागत नाहीं. इंग्रजी अमदानींत घोडनदीस घोडदळाची छावणी होती. भोंवतालचें माळरान तितर-लाव्यांचें. अशा मुलखांत एकगोळी रायफलीपेक्षां छऱ्यांची दुनळीच कामाची. साहेबाच्या खांद्यावर जी दिसली ती उत्तम, असें लोकांनीं धरून चालावें यांत नवल नाहीं. त्यांत १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें एतद्देशीयांस परवान्याची अट घातली आणि गोऱ्यांस मोकळीक दिली. त्यामुळें आपल्या माणसाच्या घरीं बंदूक असणें हीच सरकारी मर्जीची खूण झाली. मर्जी ज्यांची, बंदूकहि त्यांच्याच देशची असली म्हणजे मान दुप्पट.

इंग्रजी कीर्ति निराधार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १८१४ सालीं स्थापन झालेल्या पर्डी पेढीची किंवा हॉलंड अँड हॉलंडची उत्तम प्रतीची दुनळी उचलली, तर आपण ओझें उचललें आहे हेंच ध्यानांत येत नाहीं. बारा बोराची, म्हणजे जिच्या नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या एक रत्तल भरतात अशी, ही बंदूक साडेसहा रत्तलांच्या आसपास असते. आणि तें वजन दोन्ही हातांच्या मध्यें असें तोललेलें असतें कीं नळीचें तोंड उडत्या पक्ष्यामागें आपण होऊन वळतें. नळ्या घासणारा एक, कळ बसविणारा दुसरा, अक्रोडाचा दस्ता गिऱ्हाइकाच्या मापानें कोरणारा तिसरा, नक्षीवाला चौथा; प्रत्येकानें आयुष्य एकाच कामांत घालविलेलें. एका पोलादी भागास दिव्याची काजळी धरावयाची, तो दुसऱ्यावर टेकवावयाचा, जेथें काजळी उठेल तेथें कानशीचा एक हलका हात फिरवावयाचा, आणि सांधा डोळ्यांस दिसेनासा होईपर्यंत हेंच करीत राहावयाचें. अशा कामाचें मोल पैशांत होत नाहीं, जरी पर्डी तें भरपूर करीत आली आहे.

परंतु कीर्ति आणि कारागिरी यांची फारकतहि येथेंच सुरू होते. पर्डीची दुनळी कमानींच्या जोरानें आपली आपण उघडते, ही तिची ख्याति. ती युक्ति फ्रेडरिक बीझली नांवाच्या कारागिराची, १८८० सालची. तिचे हक्क त्यानें पर्डीस विकले. पर्डीचें नांव राजेरजवाड्यांच्या तोंडीं राहिलें, बीझलीचें जाणत्यांपुरतें. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा या पेढ्यांचीं नांवें ज्यांवर ठळक कोरलेलीं, अशा पुष्कळ बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून तयार होऊन येत. तेथील कारागिराचें नांव कोणीं विचारलें नाहीं. आणि ज्या एका शोधानें चांगली दुनळी मध्यम स्थितींतल्या माणसाच्या आटोक्यांत आली, तोहि बर्मिंगहॅमचाच: वेस्ट्ली रिचर्ड्स यांच्याकडील ॲन्सन आणि डीली यांची १८७५ ची कळ, थोडके भाग एका पोलादी पेटींत बसविलेली. लंडनच्या शिष्ट मंडळीनें मान दिला तो बाजूच्या पट्ट्यांवर बसविलेल्या कळीला. त्या पट्टीवर नक्षीला जागा अधिक मिळते, हें त्यांतलें एक कारण असावें असा आम्हांस दाट संशय आहे.

आतां अमेरिकनांकडे वळूं. त्यांच्यावर मुख्य आक्षेप हा कीं त्यांची बंदूक यंत्रावर होते. मेरिडेन गांवचे पार्कर हे बंदुकांपूर्वीं कॉफी दळण्याचीं यंत्रें करीत, सिरॅक्यूजचा एल. सी. स्मिथ बंदुकांचा धंदा हंटर बंधूंस विकून टाइपरायटरांकडे वळला. अशांना कलावंत कोण म्हणणार? पण यंत्रानें भाग कापला म्हणून कारागिराची बुद्धि संपत नाहीं. ती हातांतून निघून आराखड्यांत जाते. फिलाडेल्फियाच्या ए. एच. फॉक्स यांची कळ उघडून पाहावी. इतके थोडे भाग, आणि पात्याच्या कमानीऐवजीं न मोडणारी मळसूत्री कमान! १९०९ सालीं थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेंत शिकारीस गेले तेव्हां इंग्रज चाहत्यांनीं दिलेल्या हॉलंडच्या रायफलीशेजारीं त्यांच्या सामानांत फॉक्सचीच दुनळी होती. दोष नाहींत असें नाहीं. स्मिथ बंदुकीचा दस्ता कळीच्या पट्ट्यांमागें चिरतो, हें तिच्या भक्तांसहि कबूल करावें लागतें. आणि साध्या प्रतीच्या अमेरिकन बंदुकांवर कोरलेलीं बदकें पोळ्याच्या बैलांसारखीं मातीचीं वाटतात.

वजनाचा आक्षेप मात्र आम्ही मान्य करीत नाहीं. इंग्रज सरदार एका जागीं उभा राहून हांकून आणलेले पक्षी दिवसभर मारी; त्यास हलकी बंदूक आणि अडीच इंची काडतूस पुरे. अमेरिकन शिकारी तळ्याकांठीं कुडकुडत उंच उडणाऱ्या बदकांची वाट पाही. त्यास दारू आणि छरे अधिक हवेत, काडतूस पावणेतीन इंची, आणि धक्का सोसावयास बंदूकहि जड. ज्या काळीं शिकारीस मुभा होती त्या काळीं निमोण्याच्या माळावर उन्हांतून तितरांमागें कोसभर चालणाऱ्यास आम्ही इंग्रजी दुनळीच सुचविली असती, आणि दौंडापाशीं भीमेच्या डोहांवर बसणाऱ्यास फॉक्स किंवा पार्कर.

एका बाबतींत युरोपाचें श्रेष्ठत्व आम्ही निर्विवाद मानतों, आणि ती बाब नक्षीची नाहीं. लीएज शहरांत १६७२ पासून आणि बर्मिंगहॅमांत १८१३ पासून बंदुकीच्या नळीची परीक्षा होत आली आहे. नेहमींहून जड बार उडवून नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का. अमेरिकेंत अशी सरकारी कसोटी कधींच झाली नाहीं. तेथें कारखानदार स्वतःच परीक्षक. चांगल्या पेढ्यांनीं हें काम इमानानें केलें, पण गिऱ्हाइकास विश्वास ठेवावा लागला तो नांवावर. ज्या बेल्जमच्या बंदुकीस आमचे लोक नाक मुरडतात तिच्यावर निदान शिक्का असतो!

बेल्जमची नालस्ती तर विशेषच अन्यायाची. लीएजनें जगाला स्वस्त माल पुष्कळ विकला हें खरें. पण पार्करच्या जुन्या बंदुकांवरील लोखंड-पोलादाच्या पिळाच्या ज्या डमास्कस नळ्या पाहून अमेरिकन लोक माना डोलावीत, त्यांतल्या पुष्कळ तेथूनच गेलेल्या. उलट जॉन ब्राउनिंग या अस्सल अमेरिकनाची आपोआप भरणारी बंदूक विंचेस्टरशीं सौदा फिसकटल्यावर, १९०२ सालीं, लीएजजवळच्या हेर्स्टालच्या कारखान्यानें पत्करली; १९२६ सालीं ब्राउनिंग वारले तेहि त्याच कारखान्यांत काम करतां करतां. ही बंदूक अमेरिकन म्हणावी कीं युरोपियन?

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली आहे. बंदूक निवडणुकीच्या सुमारास पोलीस ठाण्यांत जमा होते आणि मग परत कपाटांत जाते. वापर सुटला आणि नुसती कीर्ति उरली. म्हणून परीक्षेचा मार्ग सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. निमोण्याच्याच तालुक्यांत, घोड नदीकांठीं, इनामगांव आहे. डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून तेथें उत्खनन केलें तेव्हां तीन हजार वर्षांपूर्वींचीं जोर्वे धाटणीचीं मडकीं निघालीं. त्यांवर कुंभाराचें नांव नाहीं. परंतु भाजणी इतकी पक्की कीं खापर वाजविलें तर धातूसारखा नाद येतो. दुनळीचीहि एक परीक्षा हीच. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या सोडवाव्या, दोरीनें टांगाव्या आणि बोटाच्या पेरानें हलकेंच ठोकाव्या. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधील डाक शाबूत. बद्द आवाज आला तर ती सुटली आहे, मग वर नांव कोणाचेंहि असो. डमास्कस नळींत आजचें काडतूस, किंवा अडीच इंची नळींत पावणेतीन इंची काडतूस, कधींहि घालूं नये. येथें कीर्ति उपयोगी पडत नाहीं, बोटें जातात.

नळ्या उलट्या केल्या कीं, एरवीं लांकडाखालीं झांकलेल्या भागावर, कसोटीच्या शिक्क्यांजवळ पुष्कळदां दोन-तीन बारीक अक्षरें ठोकलेलीं दिसतात. तीं नळी करणाराच्या नांवाचीं आद्याक्षरें. वरच्या पट्टीवर पेढीचें नांव नक्षींत मिरवतें. खालचीं अक्षरें वाचावयास भिंग लागतें.