ससूनांचा इतिहास आणि खानदेशची वाट

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची गोष्ट ससून घराण्याला वगळून सांगता येत नाही. कुलाब्याची गोदी, काळा घोड्याजवळचे वाचनालय, भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुण्याचे ससून रुग्णालय आणि लाल देऊळ ही सारी या बगदादी यहुदी घराण्याची देणी. इंग्रजीत या घराण्यावर लिहिलेली तीन पुस्तके प्रसिद्ध आहेत : सेसिल रॉथ यांचे 'द ससून डायनॅस्टी' (१९४१), स्टॅन्ली जॅक्सन यांचे 'द ससून्स' (१९६८) आणि जोसेफ ससून यांचे 'द ग्लोबल मर्चंट्स' (२०२२). ती एकापाठोपाठ वाचताना मला एक प्रश्न सतत पडत राहिला. या पुस्तकांतून अफूच्या पेट्या आणि कापसाच्या गासड्या मुंबईहून निघतात. पण मुंबईपर्यंत त्या आल्या कुठून आणि कशा? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर धुळे आणि जळगाव यांच्या वाटेवर आहे, आणि ते दिल्याशिवाय घराण्याचा इतिहास पुरा होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी घराण्याची थोडक्यात ओळख. डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा, बगदादचा. वडील तिथल्या यहुदी समाजाचे प्रमुख आणि पाशाचे खजिनदार. दाऊद पाशाच्या जाचामुळे घराण्याला बगदाद सोडावे लागले. बुशहरमार्गे डेव्हिड १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. चीनबरोबरच्या पहिल्या अफू युद्धानंतर त्यांनी एलायस या मुलाला १८४४ मध्ये चीनला धाडले. कँटन, हाँगकाँग, शांघाय इथे पेढ्या उभ्या राहिल्या. १८५३ मध्ये डेव्हिड ब्रिटिश प्रजाजन झाले तेव्हा त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पेढीची सूत्रे थोरले अब्दुल्ला, म्हणजे पुढचे सर अल्बर्ट, यांच्याकडे गेली, आणि १८६७ मध्ये एलायस यांनी 'ई. डी. ससून' ही वेगळी पेढी काढली.

रॉथ हे यहुदी इतिहासाचे मान्यवर अभ्यासक. बगदादचे एक कुटुंब इंग्लंडच्या उच्चभ्रू वर्तुळात कसे सामावले गेले, याचे त्यांना अधिक कुतूहल आहे. जॅक्सन यांचे पुस्तक रंजक आहे. त्यात राजघराण्याची मैत्री आणि घोड्यांच्या शर्यती यांना भरपूर जागा मिळते. जोसेफ ससून यांचे काम या दोघांहून वेगळ्या तोलाचे आहे. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पेढीची पत्रे त्यांनी वाचली. ही पत्रे बगदादी यहुद्यांच्या अरबी बोलीत, पण हिब्रू लिपीत लिहिलेली आहेत. अफूचा व्यापार ते झाकून ठेवत नाहीत. पतीच्या निधनानंतर १८९४ पासून मुंबईची पेढी सांभाळणाऱ्या फरहा ऊर्फ फ्लोरा ससून यांना त्यांनी योग्य स्थान दिले आहे. तरीही पुस्तकाचा कणा मुंबई, शांघाय आणि लंडन हाच राहतो. भावाने भावाला लिहिलेल्या पत्रात भाव, जहाज, हुंडी आणि नातलगांची तक्रार येणार. माल कोणाच्या शेतातला, हे त्यात येण्याचे कारण नाही. साधनाची मर्यादा ती पुस्तकाची मर्यादा झाली आहे.

आता वाटेकडे वळू. ससूनांची चीनमधली भरभराट मुख्यतः माळव्याच्या अफूवर झाली. बंगालची अफू सरकारी मक्त्याची होती आणि तिचा लिलाव कलकत्त्यात होई. माळव्याची अफू होळकर-शिंद्यांसारख्या संस्थानिकांच्या मुलखात पिके. १८३० च्या सुमारास कंपनीने ती स्वतः विकत घेण्याचा खटाटोप सोडला आणि शुल्क भरून परवाना घेणाऱ्याला ती मुंबईस नेण्याची मोकळीक दिली. या अफूचा मुंबईकडचा रस्ता म्हणजे आग्रा रोड. सेंधव्याचा घाट उतरायचा, शिरपूर, मग तापी ओलांडून नरडाणा, सोनगीर, धुळे, पुढे मालेगाव, चांदवड, नाशिक आणि थळघाट. १८१८ नंतर ब्रिग्ज यांनी ज्या धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले, ते या रस्त्यावरच आहे. एका पेटीत सुमारे १४० पौंड, म्हणजे चौसष्ट किलोच्या आसपास अफू असे.

या पेटीवरचे शुल्क पाहिले की व्यापार आणि राज्यसत्ता यांचे नाते उघडे पडते. सिंध स्वतंत्र होता तोवर बरीच अफू कराचीवरून पोर्तुगीजांच्या दमणला जाई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, आडवाट बंद झाली आणि शुल्क चढू लागले. १८४३ मध्ये पेटीमागे २०० रुपये होते, ते १८६१ मध्ये ७०० झाले. एवढे शुल्क आधी भरायचे आणि चीनमधले पैसे महिन्यांनी हाती यायचे, तर हाताशी मोठे भांडवल हवे. ससूनांचे कौशल्य इथे दिसते. त्यांनी दलालांमार्फत माळव्यातल्या व्यापाऱ्यांना पीक हाती येण्याआधीच आगाऊ रकमा दिल्या. माल स्वस्तात आणि खात्रीने मिळू लागला. जार्डिन मॅथेसनसारखी बलाढ्य ब्रिटिश पेढी १८७० नंतरच्या काही वर्षांत अफूतून बाहेर पडली, त्याचे मोठे कारण ही आगाऊ रकमांची पद्धत होती. शांघायच्या बाजारातला हा विजय माळव्याच्या खळ्यावर मिळवलेला होता, आणि त्याचा माल खानदेशातून गेला. पुढे होळकर संस्थानची रेल्वे खंडव्याहून इंदूरला पोहोचल्यावर माळव्याच्या मालाला भुसावळ-जळगाव-चाळीसगाव अशी लोखंडी वाट मिळाली. धुळ्याला रेल्वेसाठी १९०० सालापर्यंत, चाळीसगावचा फाटा होईपर्यंत थांबावे लागले.

कापसाची गोष्ट जळगावची. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या भारतीय कापसासाठी हातघाईला आल्या. नेमक्या त्याच वर्षांत जी. आय. पी. रेल्वे चाळीसगावहून भुसावळकडे सरकत होती. धरणगाव, एरंडोल, भडगाव या जुन्या पेठा रेल्वेपासून बाजूला पडल्या आणि जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झाले. सरकी काढलेली रुई इथून गाडीने कुलाब्याला जाई. मुंबईच्या बाजारात ७८४ पौंडांच्या खंडीवर भाव ठरे, आणि तिथे गावाचे नाव पुसले जाऊन माल 'खानदेश' किंवा 'उमरा' या प्रतीचा होई. ही प्रत आखूड धाग्याची म्हणून लिव्हरपूलला नावडती. तेव्हा खानदेशचे कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटचे बियाणे इथे रुजवले. मुंबईत भेसळ रोखण्यासाठी १८६३ मध्ये कायदा झाला. शेतातले बी कोणते असावे, हेही लिव्हरपूलच्या मागणीवरून ठरू लागले होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सटोडिये बुडाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. जळगावलाही त्या घसरणीचा जबर फटका बसला, हे सरकारी गॅझेटियरही नोंदवते. ससून मात्र तगले, आणि दहा वर्षांत सर अल्बर्ट यांनी कुलाब्याला गोदी बांधली (१८७५). चरित्रकार याचे श्रेय घराण्याच्या सावधपणाला देतात. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ससूनांचा पैसा अफू, कापूस, जमीनजुमला आणि तीन देशांतल्या पेढ्यांत वाटलेला होता. खानदेशच्या शेतकऱ्याकडे वाटून ठेवायला दुसरे काही नव्हते. त्याने चढ्या भावाच्या भरवशावर कपाशी लावलेली, सावकाराचे देणे वाढवलेले, आणि सारा रोखीत भरायचा. बंदरावरचा व्यापारी धोका वाटू शकतो आणि शेतावरचा माणूस तो वाटू शकत नाही. म्हणून एकाच मंदीचे दोन इतिहास होतात. पैकी एकच पुस्तकात येतो.

इथे एक पथ्य पाळायला हवे. अफूचे आणि कापसाचे सगळे पाप एका यहुदी घराण्याच्या पदरात घालणे सोपे असते, आणि तसे लिहिलेही जाते. ते चूक आहे. ससून चीनला पोहोचण्याआधीच सर जमशेटजी जीजीभाई जार्डिनबरोबर या व्यापारात होते. गुजराती, मारवाडी, पारशी व्यापारी त्यात होते. शुल्क घेणारे सरकार त्यात सर्वांत मोठे भागीदार होते. आणि आपल्या बाजूला खानदेशातला आडत्या, सावकार, गाडीवान हेही त्याच साखळीतले दुवे. जळगावच्या शेतकऱ्याची गाठ ससूनांशी कधी पडली नाही; पडली ती त्याच्याच पेठेतल्या पेढीशी. घराण्याचा धर्म बघून निवाडा करणाऱ्याला ही साखळी दिसत नाही. शिवाय 'यहुदी' म्हणजे एकच माणूस नव्हे. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल आणि हे बगदादी यांच्यात बरेच अंतर होते. डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ इझिकेल राजपूरकर हे बेने इस्रायल. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. दानाचा आणि अंतराचा असा दुहेरी संबंध होता.

दान हेच या घराण्याच्या स्मृतीचे मुख्य रूप आहे. रुग्णालय, शाळा, वाचनालय यांचे मोल मी कमी करत नाही. पुण्यात लाखो गरिबांवर ससूनमध्ये उपचार झाले. पण दानाचा नकाशा आणि मालाचा नकाशा एकमेकांवर ठेवले तर ते जुळत नाहीत. माल आला माळव्यातून आणि खानदेशातून, पाट्या लागल्या मुंबईत आणि पुण्यात.

ही तफावत भरून काढण्याचे काम अजून करण्याजोगे आहे, आणि ते फक्त इंग्रजीत होणार नाही. पेढीची पत्रे हिब्रू लिपीत आहेत. खानदेशातल्या जुन्या व्यवहाराच्या वह्या मोडीत आणि महाजनी लिपीत. आपापल्या जमातीबाहेरच्या माणसाला न कळणाऱ्या या लिप्यांनी त्या काळी व्यापाराचे गुपित राखले; आज त्या वाचणारेच थोडे उरले आहेत. राजवाड्यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात निघाले, तेव्हा मोडी कागद जमवून वाचणे ही तिथली रीतच झाली. तो वारसा राजकीय कागदांपुरता ठेवण्याचे कारण नाही. आग्रा रोडवरच्या पेढ्यांच्या वह्या, जळगावच्या आडत्यांच्या खतावण्या माळ्यावर पडून असतील तर त्या रद्दीत जाण्याआधी जमवायला हव्यात. शांघायला गेलेल्या हुंडीची पहिली बाजू त्यांत सापडेल. ती सापडेल तेव्हा ससूनांचा इतिहास आपल्या मुलखाचाही होईल.